दगडावर नाव नाही

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक पांढऱ्या दगडाची पाटी बसवलेली आहे. लहानपणी लपंडावात माझ्यावर राज्य आले की त्याच पाटीवर डोळे टेकवून मी शंभरपर्यंत आकडे मोजत असे. दगड गार लागायचा. त्यावर काय लिहिले आहे हे वाचून पाहावे असे कधी वाटले नाही. आणि वाचायला गेले असते तरी समजले नसते, कारण मजकूर इंग्रजीत आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मजकूर मी पहिल्यांदा नीट वाचला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ३१ माणसे गेली आणि त्यांपैकी ९ जणांनी प्राण दिले, एवढाच त्याचा अर्थ. अशा पाट्या आपल्या सातारा जिल्ह्यात आणि कोकणातही पुष्कळ गावांत आहेत. सगळ्या एकाच साच्याच्या. गावाप्रमाणे बदलतात ते फक्त आकडे. गेले किती आणि मेले किती.

एफ. वाय. ला असताना पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर मी चांगली तीन पाने लिहिली होती. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, महिन्याभरात ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले, ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले, गुप्त तह, शस्त्रास्त्रांची स्पर्धा, वसाहतींची हाव, सगळे मुद्दे क्रमवार मांडले होते. गुणही बरे पडले. परंतु चावडीपुढे उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आले, की त्या तीन पानांत आमच्या गावचे हे नऊ जण कोठेच बसत नाहीत. साराजेव्हो कोठे आणि आमची चावडी कोठे? नांगराच्या मुठीवरचा हात सोडून ही माणसे कोणाच्या भांडणात मेली?

हा प्रश्न मला टाळता आला नाही, कारण त्या नऊ जणांपैकी एक आमच्या घरचा आहे. माझा खापरपणजोबा. घरात त्यांना ‘बसऱ्याचे आजोबा’ म्हणतात. मी आजीला त्यांचे नाव विचारले.

“आगं, त्येंचं नाव मी कसं घिऊ? माझं आजेसासरं लागत्यात,” ती म्हणाली. “आजेसासूनं जलमात न्हाई घेतलं, मी कुठली घ्याया?”

वाचकांपैकी ज्यांची आजी खेड्यात आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. नवऱ्याचे नाव बायकोने घ्यायचे नाही, सासऱ्याचे सुनेने घ्यायचे नाही. पुरुष माणसे लवकर गेली. ज्या बायका मागे राहिल्या त्यांनी आठवण जपली, पण नाव ओठांवर आणले नाही. तिकडे सरकारने माणसे मोजली, पण नाव लिहिले नाही. अशा रीतीने एका माणसाचे नाव दोन्ही बाजूंनी गेले.

आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची आजेसासू हयात होती. तिच्याकडून ऐकलेले आजीला चांगले आठवते. तो बोटीवर गेला तेव्हा म्हातारी ‘तुझ्याएवढी’ होती, म्हणजे एकोणीस वर्षांची, आणि कडेवर तान्हे पोर. पहिले वर्षभर पैसे येत होते, मग थांबले. गावचाच एक जण युद्ध संपल्यावर परत आला. त्याने सांगितले, की तुमचा माणूस वेढ्यात सापडला होता, घोडी मारून खायची पाळी आली होती, पुढचे ठाऊक नाही. ‘पुढचे ठाऊक नाही’ एवढ्या शब्दावर ती बाई कुंकू लावीत राहिली. नंतर केव्हातरी सरकारकडून काशाची एक जड गोल तबकडी आली, तेव्हा तिने ते पुसले.

“त्या तबकडीवर नाव होतं का गं?”

“काय तरी इंग्रजी व्हतं बघ. वाचणारं कोण व्हतं घरात?”

मी नंतर वाचले, की या तबकड्या ब्रिटिश सरकारने सगळ्याच मृतांच्या घरी पाठवल्या होत्या. त्यांवर ब्रिटानिया देवता, सिंह, आणि एका चौकटीत मृताचे नाव उठावात ओतलेले असे. हुद्दा नाही, फक्त नाव. म्हणजे ज्या एकाच सरकारी वस्तूवर आमच्या माणसाचे नाव होते, ती पन्नास वर्षे आमच्या घरात होती. आणि त्या पन्नास वर्षांत ते नाव वाचू शकणारे एकही माणूस घरात नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात ती तबकडी कासाराकडे मोडीत घातली. त्या पैशांचा मिलो आणला असे आजी सांगते. तिला मी दोष देत नाही. उपाशी पोरांपुढे तबकडीची किंमत ती काय?

या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. मला ते नाव वाचता आले असते. पण मी फार उशिरा आले.

वेढा, घोड्याचे मांस आणि बसरा, या तीन शब्दांवरून ग्रंथालयात मला पुढची वाट सापडली. हा वेढा म्हणजे इराकातल्या कुतचा. त्या वेळी त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत आणि तेथे तुर्कांचे राज्य होते. मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध असा, की तेथे गेलेली मुख्य फौज ही सहावी म्हणजे ‘पुणे डिव्हिजन’ होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. इंग्रजांना तिकडे काय हवे होते? इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाशी आबादान येथे तेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. ज्या कंपनीचा तो होता तिचे ५१ टक्के भाग ब्रिटिश सरकारने १९१४ सालीच विकत घेतले होते, कारण आरमार कोळशावरून तेलावर जात होते. त्या तेलाची राखण करण्यासाठी फौज नोव्हेंबर १९१४ मध्ये उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. काम तेथेच संपायला हवे होते.

परंतु सहज मिळालेला विजय हा मोठा वाईट सल्लागार असतो. फौज नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. तिकडे गॅलिपोलीत ब्रिटिशांचा बोजवारा उडाला होता. कोठेतरी मोठे यश दाखवणे लंडनला आणि सिमल्याला आवश्यक होते, म्हणून बगदादकडे कूच करण्याचा हुकूम सुटला. नदीवर पुरेशा बोटी नाहीत, जखमींना वाहून न्यायची सोय नाही, पाठीमागे राखीव फौज नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली. साडेचार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. मोडलेल्या हातापायांची माणसे स्प्रिंग नसलेल्या दोनचाकी खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत नेली आणि तेथून बोटींच्या उघड्या डेकवर खच्चून भरून बसऱ्याला धाडली. या हालांची चौकशी करायला पुढे आयोग नेमावा लागला. १९१७ साली त्याचा अहवाल आला तेव्हा लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. राजीनामा देता येणे ही देखील एक चैनच आहे. शिपायाला ती नसते.

उरलेली फौज मागे हटून कुतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली. १४७ दिवस. आत फौजेखेरीज गावातले सहाएक हजार अरब रहिवासीही होते, ज्यांचे या युद्धाशी काहीच देणेघेणे नव्हते. धान्य संपत आले तशी खेचरे आणि घोडी मारू लागले. आपल्याकडच्या शिपायांनी ते मांस खायला कित्येक आठवडे नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवण्यात आली, तोवर स्कर्व्हीने माणसे पोखरली होती. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, ती पुरेनात. शेवटी तुर्कांना दहा लाख, मग वीस लाख पौंड देऊन फौज सोडवण्याचाही प्रयत्न झाला. तुर्कांनी तो धुडकावला. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. सुमारे १३ हजार लोक कैद झाले आणि त्यांत बहुसंख्य आपले होते.

येथे एक हिशेब मांडावासा वाटतो. या १३ हजारांना सोडवण्यासाठी बाहेरून जे हल्ले चढवले गेले, त्यांत सुमारे २३ हजार माणसे मेली वा जखमी झाली. शाळेत गुरुजींनी असे गणित घातले असते तर मुलांनीही म्हटले असते, की गुरुजी, गणित चुकले आहे. परंतु युद्धातली गणिते तपासणारे गुरुजी फार दूर असतात, आणि पाटीवरची रेघ न् रेघ जिवंत माणसाची असते.

कैद्यांना बगदाद, मोसूल आणि पुढे वाळवंटातून रास-अल-ऐनकडे चालवीत नेले. पुढे त्यांना रेल्वेच्या कामावर जुंपले. चार हजारांहून अधिक लोक कैदेत मेले. कैदेतल्या साध्या इंग्रज शिपायांपैकी निम्म्याहून जास्त परतले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. तेही कोणा गिरणी-कामगाराचे, खाणमजुराचे मुलगेच होते. वेढा घालून बसलेला तुर्की शिपाई तरी कोण होता? अनातोलियातला अर्धपोटी शेतकरी. मात्र फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला आणि नोकरचाकर मिळाले. त्यांचा आवडता कुत्रा तुर्कांच्या परवानगीने नदीमार्गे सुखरूप परत पाठवण्यात आला. त्या कुत्र्याचे नाव स्पॉट. इतिहासाच्या पुस्तकांत ते छापलेले आहे.

ते वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या खापरपणजोबांचे नाव मला ठाऊक नव्हते. कुत्र्याचे ठाऊक झाले.

नाव राहण्यासाठी मागे कोणीतरी लिहिते असावे लागते. त्याच कुतमध्ये कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक बंगाली लष्करी डॉक्टर होते. तेही कैद झाले आणि १९१७ साली रास-अल-ऐनला वारले. त्यांनी घरी पत्रे लिहिली होती. परमुलूख बळकावण्याच्या हावेला देशाभिमान हे नाव दिले जाते, असे त्यांनी कडवटपणे मांडले होते. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजीने, मोक्षदादेवींनी, ती पत्रे जुळवून १९२८ साली ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक काढले. एका आजीने नातवाचे पुस्तक लिहिले. माझ्या आजीच्या आजेसासूला सही येत नव्हती. दोघींच्या दुःखात फरक नव्हता. फरक होता तो फक्त अक्षराचा.

आता कोणी म्हणेल, तो काही गुलाम म्हणून गेला नव्हता, भरती झाला होता. खरे आहे. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. कोरडवाहू चार एकर, डोक्यावर सावकार, मागे प्लेग आणि दुष्काळ. अशा घरात ११ रुपये म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या तासाला सांगावे लागत नाही. तो शौर्यासाठी गेला की पोटासाठी, असे विचारणाऱ्याने आधी आपले पोट कधी रिकामे होते ते सांगावे. आणि हिंदुस्थान युद्धात उतरतो आहे हे व्हाइसरॉयने जाहीर केले, हिंदी माणसाला कोणी विचारले नव्हते. सुमारे १३ लाख माणसे या देशातून युद्धाच्या कामी लागली, ७४ हजारांवर मेली. एकट्या मेसोपोटेमियात साडेपाच लाखांहून अधिक हिंदी माणसे गेली. त्यांत शिपायांइतकेच बिगारी, खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी होते. पदके तर सोडाच, पाट्यांवरच्या आकड्यांतही ते सगळे आले असतील असे मला वाटत नाही.

शिपायाचे हे झाले. राष्ट्राचे काय झाले? माणसे दिली ती दिलीच, वर १९१७ साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंडांची ‘भेट’ ब्रिटनच्या युद्धखर्चाला देण्यात आली. ज्या देशात आमच्यासारखी घरे सावकाराच्या दारात उभी होती, त्या देशाची ही भेट! १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएंझा आत आला. तोच तो, ज्याला आपले लोक मानमोडी म्हणत. सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटींनी तो जगभर पोहोचवला होता. त्याच वर्षी पाऊस हुकला. धान्य महाग, अंगात ताप. देशात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत गेली. ती कोणत्याच चावडीच्या पाटीवर नाहीत.

बदल्यात काय मिळाले? लोकमान्य टिळकांनी त्या वेळी जे केले ते आपण विसरू नये. त्यांनी भरतीला आंधळा विरोध केला नाही आणि आंधळा पाठिंबाही दिला नाही. त्यांनी किंमत विचारली. हिंदी माणसांना सैन्यात अधिकारपदे देण्याचे वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे उभी करतो, असे सांगून त्यांनी १९१८ साली पन्नास हजारांचा धनादेश हमी म्हणून गांधीजींकडे पाठवला. गांधीजींनी तो परत केला, तो भाग वेगळा. मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडवले आणि टिळक सभात्याग करून निघून गेले. शिपाई हवे होते, त्यांचा प्रश्न नको होता. युद्ध संपले आणि मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली. महार समाजाची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही.

आणि मेलेल्यांची आठवण? बसऱ्याला मोठे स्मारक बांधले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. इंग्रज शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. दिल्लीच्या इंडिया गेटचे उद्घाटन १९३१ साली झाले. ते सत्तर हजारांवर सैनिकांचे स्मारक, पण नावे आहेत तेरा हजारांच्या आसपास. ही उणीव मी एकटीच काढते आहे असे नाही. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच २०२१ मध्ये अहवाल काढून कबूल केले, की हिंदुस्थान, आफ्रिका आणि इजिप्तच्या ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद समानतेने झाली नाही, आणि निदान एक लाख सोळा हजार माणसांची नावाने नोंद झालीच नाही, कदाचित साडेतीन लाखांचीही झाली नसेल. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली हे बरे झाले. पण कोणाची नावे घेऊन मागितली?

मला या सगळ्यातून एकच गोष्ट समजली आहे आणि ती सांगण्यासाठी हा लेख लिहिते आहे. माणसाचा आकडा होणे हा युद्धाचा नुसता परिणाम नव्हे. युद्ध चालवायचे तर ती पहिली गरजच असते. ज्याचे नाव, ज्याची बायको, ज्याचे चार एकर आपल्याला ठाऊक आहेत त्याला तसल्या खेचरगाडीत घालून धाडता येत नाही. ‘एक डिव्हिजन’ धाडता येते. म्हणून युद्धाची भाषा ऐकली की आपण पहिला प्रश्न ‘किती?’ हा न विचारता ‘कोण?’ हा विचारला पाहिजे.

वर्गातल्या माझ्या काही मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, तू आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाला उणेपणा आणतेस. मराठा पलटणीने नाव कमावले. पलटणीने नाव कमावले यात शंकाच नाही. माझे म्हणणे एवढेच, की पलटणीला नाव मिळाले आणि माणसाचे गेले. पराक्रम खरा होता. तो ज्या कामी खर्च झाला ते काम त्याचे नव्हते. ‘लढाऊ जमात’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याला कौतुकाने दिला आणि आपण तो अजून छातीवर लावून फिरतो. ज्याने तो दिला त्याने त्याच हाताने पाटीवर नुसता आकडा कोरला, हे आपण पाहत नाही.

दुसरे म्हणणे असे, की देशाला सैन्य नको काय? हवे. माझा चुलतभाऊ रोज पहाटे साडेचारला उठून धावतो. १६०० मीटर, घड्याळ लावून. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौघांत एकालाच कायम ठेवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी धावतो. त्याच्या घरची परिस्थिती मी जाणते आणि त्याला जाऊ नको असे मी म्हणणार नाही. तो भरती झाला तर घरात पेढे वाटले जातील आणि मीही खाईन. स्वतंत्र देशाची सीमा राखणे आणि परक्याच्या तेलाची राखण करणे यांत फरक आहे हे मला कळते. २०१९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक झाले, त्यावर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे एकेक करून कोरली आहेत. स्वराज्याचा हा केवढा मोठा अर्थ आहे!

पण नाव कोरणे हे अखेरचे कर्तव्य झाले. पहिले कर्तव्य ते कोरण्याची वेळ उगीच येऊ न देण्याचे आहे. आपल्या मोबाइलवर सीमेवर जरा खुट्ट झाले की ‘एकदाचे होऊनच जाऊ दे’ असे संदेश फिरू लागतात. ते पाठवणाऱ्यांपैकी पहाटे साडेचारला धावणारे किती? माझ्या पाहण्यात तरी धावणारा मुलगा असे संदेश पाठवीत नाही. त्याची आई तर बातम्या लागल्या की टीव्ही बंद करते.

आणि परक्यांच्या युद्धात मरणे हेही संपले आहे असे समजू नका. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पुढे २०२४ मध्ये आपण वाचले, की नोकरीच्या आमिषाने दलालांमार्फत गेलेले भारतीय तरुण तिकडे रशियाच्या सैन्यात आघाडीवर जाऊन पडले. त्यांतले काही मेले. त्यांना सोडा, अशी मागणी आपल्या सरकारला रशियाकडे करावी लागली. ११ रुपयांच्या जागी लाखांचे आकडे आले, एवढाच काय तो फरक. घरची ओढाताण तीच, आणि मागे वाट पाहणारी बाईही तीच.

असो. माझ्या शोधाचे काय झाले ते सांगून संपवते. पणजोबांच्या नावाने निघालेला जमिनीचा एक जुना फेरफार तलाठ्यांनी शोधून दिला. पणजोबांच्या नावापुढे, त्यांच्या वडिलांचे म्हणून, ते नाव होते. अगदी साधे, आमच्या भागात दर चार घरांत सापडेल असे. राष्ट्रकुल आयोगाच्या संगणकावरच्या यादीत मी ते इंग्रजी अक्षरांत घालून पाहिले. त्या नावाची पुष्कळ माणसे निघाली. काहींपुढे बापाचे नाव आहे, गावाचे आहे, पण स्पेलिंग असे की आपले गावही ओळखू येऊ नये. त्यांतला आमचा कोणता, हे अजून ठरलेले नाही. मी ते नाव आजीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, जणू कोणी वडीलधारे माणूस ओसरीवर आले होते.

चावडीच्या पाटीवरच्या नऊपैकी चार जणांची नावे मी आतापर्यंत मिळवली आहेत. पाच राहिली. आपल्या महाविद्यालयात आसपासच्या चाळीस-पन्नास गावांची मुले-मुली येतात. त्यांतल्या कितीतरी गावांत अशी पाटी असेल, कोठे चावडीत, कोठे शाळेच्या भिंतीत, कोठे चुन्याखाली झाकलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावची पाटी शोधावी, म्हाताऱ्या माणसांना विचारावे, जुने फेरफार पाहावेत, आणि नाव, बापाचे नाव, मागे कोण राहिले, एवढे लिहून आणावे. म्हाताऱ्या बायका नाव घेणार नाहीत. त्यांच्या धाकट्या दिरांना, नातवंडांना विचारा. आपल्या ग्रंथपालांनी यासाठी एक वही ग्रंथालयात ठेवण्याचे कबूल केले आहे. तिच्या पहिल्या पानावर मी चार नावे लिहिली आहेत आणि खाली पाच ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.

(द्वितीय वर्ष, कला)